मानलेल्या भावाचं क्रियापद

कायद्याच्या इंग्रजीतलं ‘डीम’ (deem) म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत ते ‘मानणे’ लिहायचं की ‘समजणे’? भाषांतर शिकवायला लागल्यापासून दर तुकडीत कुणी ना कुणी हे विचारतंच. घाईत मी ‘मानणे’ म्हणून मोकळी होते, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं की समाधान झालेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी बैजवार सांगते.

हा शब्द मला एका चुकीनं शिकवला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका कराराचं भाषांतर माझ्याकडे आलं. त्यात नोटिशीबद्दल एक कलम होतं: रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलेली नोटीस तिसऱ्या दिवशी ‘शॅल बी डीम्ड टु हॅव बीन रिसीव्ड’. शब्दकोशात ‘डीम’पुढे वाटणे, समजणे असे अर्थ दिले होते. मी लिहिलं, ‘नोटीस तिसऱ्या दिवशी मिळाली असावी असे समजले जाईल.’ वाक्य कानाला बरं लागत होतं. तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिलनं एकट्या ‘असावी’भोवती गोल केला आणि मला बोलावून घेतलं.

‘हा अंदाज कुणाचा गं?’

मला उत्तर सुचेना. त्या म्हणाल्या, ‘इथं कुणी अंदाज करतच नाहीये. पाकीट पोस्टात पडून राहिलं, दाराला कुलूप होतं, काहीही झालं तरी कराराच्या लेखी नोटीस मिळाली. दोघांनी सही करून ते आधीच ठरवून टाकलंय. तुझ्या ‘असावी’नं त्यांना भांडायला जागा करून दिली.’ मग त्यांनी ते खोडून ‘मिळाल्याचे मानण्यात येईल’ असं लिहिलं. एवढीच दुरुस्ती. पण त्या दिवशी मला कळलं की ‘डीम’मध्ये मत नसतं, निर्णय असतो.

आपल्याकडे याला चपखल जोड आहे: मानलेला भाऊ. तो सख्खा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो सख्खा असावा असा कुणाचा गैरसमज नसतो आणि ते सिद्ध करायला कुणी जातही नाही. एकदा मानला की मानला, आणि भावाचे हक्क नि भावाची कर्तव्यं त्याच्यामागे आपोआप येतात. कायद्यातला ‘डीम’ अगदी हेच करतो. वस्तुस्थिती काय आहे हा प्रश्न बाजूला ठेवून, ती काय धरायची हे सांगतो.

म्हणून ‘अझ्यूम’, ‘प्रिझ्यूम’ आणि ‘डीम’ एका मापानं मोजू नका. ‘अझ्यूम’ म्हणजे पुरावा नसताना गृहीत धरणं. ‘प्रिझ्यूम’मध्ये उलट पुरावा येईपर्यंत खरं धरणं आलं. ‘डीम’ला सहसा पुराव्याशी देणंघेणंच नसतं. सहसा म्हणते, कारण कधीकधी कलमातच ‘विरुद्ध सिद्ध न झाल्यास’ अशी पुस्ती जोडलेली असते. ती दिसली की भाषांतरात गाळू नका, सगळा भार तिच्यावर असतो.

मानल्यावर पुढे किती जायचं, यावर ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड आस्क्विथ यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या, एका निकालात फार नेमकं लिहिलंय. तो निकाल न्यायनिर्णयांच्या 1952 च्या अहवालात छापलेला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: एखादी काल्पनिक स्थिती खरी धरायला सांगितली असेल, तर तिच्यातून ओघानं जे येतं तेही खरं धरावं लागतं, मध्येच कल्पनाशक्तीला बुजू द्यायचं नाही. भाऊ मानला, पण हक्काची वेळ आली तेव्हा मागे फिरलो, असं चालत नाही.

शब्दाचं मूळ पाहिलं की हा करारीपणा कुठून आला ते कळतं. जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे न्याय, निवाडा. त्यावरून आजचा ‘डूम’ आला, आणि निवाडा करणे या अर्थाचं क्रियापद म्हणजे ‘डीम’. ‘फूड’वरून ‘फीड’, ‘ब्लड’वरून ‘ब्लीड’, तसंच ‘डूम’वरून ‘डीम’. ‘डूम्सडे’ हा मुळात निवाड्याचा दिवस. 1086 मध्ये इंग्लंडातल्या जमिनीजुमल्याची जी नोंदवही झाली तिलाही लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, कारण तिच्यातल्या नोंदीवर दाद मागायची सोय नव्हती. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशाला आजही ‘डीमस्टर’ म्हणतात. मला हे फार आवडतं. शब्दाचा जुना धंदा तिथं अजून चालू आहे. (‘रिडीम’शी मात्र याचं नातं नाही. तो लॅटिनमधून, ‘विकत घेणे’ या अर्थावरून आलाय.)

वापराचं म्हणाल, तर ‘डीम’ला कर्म लागतं आणि लगेच त्या कर्माबद्दलचा शब्द: ‘डीम इट नेसेसरी’, ‘वॉज डीम्ड अनसेफ’. मध्ये ‘टु बी’ चालतं, ‘ॲज’ घालू नका. ‘डीम्ड ॲज’ बरेच जण ‘रिगार्डेड ॲज’च्या सवयीनं लिहितात. ‘आय ॲम डीमिंग’ असं चालू काळातलं रूपही सहसा नको. आणि घरगुती बोलण्यात हा शब्द आणूच नका, तिथं ‘थिंक’ पुरतो. ज्याला ठरवण्याचा अधिकार आहे त्याच्याच तोंडी ‘डीम’ शोभतो.

मराठीनं या एका शब्दासाठी दोन विशेषणं घडवली आहेत. ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’ला अभिमत विद्यापीठ, आणि ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ला, म्हणजे बिल्डरनं करून दिलं नाही तरी सोसायटीच्या नावावर झालं असं मानलेल्या मालकीच्या हस्तांतरणाला, मानीव अभिहस्तांतरण. ‘अभिमत’ दिसायला भारदस्त आहे, पण त्यात ‘मत’ शिरलंय, आणि माझी नेमकी तीच अडचण आहे. ‘मानीव’ सरळ आहे, मानलेल्या भावाच्या घरातला. माझं चाललं असतं तर दोन्हीकडे तोच घातला असता.

आता अर्जाच्या शेवटी येणारं ‘ॲज यू डीम फिट’. विद्यार्थी हमखास ‘आपणास योग्य वाटेल तसे’ लिहितात. ते चूक म्हणता येत नाही, मराठीत रुळलंय. पण ‘वाटेल’ आलं की मला तो पेन्सिलीचा गोल आठवतो, आणि मी ते खोडून ‘आपण योग्य ठरवाल त्याप्रमाणे’ असं लिहिते.