आठ घरं, एक डिश : दुरुस्तीचा माझा अनुभव

टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आठ घरांना मिळून एकच डिश आहे. चित्र अडकायला लागलं की येणारा मेकॅनिक आधी डिश फिरवतो, आणि चांगली बसलेली दिशा बिघडवून जातो. बेळगावातून फ्री डिशचा (दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा) उपग्रह जीसॅट-१५ (९३.५ अंश पूर्व) आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंशांवर असतो. एलएनबीला (डिशच्या तोंडासमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) सेट-टॉप बॉक्स थेट जोडून बघा. बॉक्सच्या सिग्नल-पडद्यावर क्वालिटी (सिग्नल किती स्वच्छ आहे ते) भरपूर आली तर डिशला हात लावायचा नाही. आमच्याकडं तशीच आली.

दोष जिन्यातल्या डब्यात निघाला. आत केबल टीव्हीचा स्प्लिटर (एका वायरीचा सिग्नल अनेक वायरींत वाटणारा तुकडा) होता, अंगावरच छापलेलं : ५-१००० मेगाहर्ट्झ. एलएनबीतून सिग्नल ९५० ते २१५० मध्ये खाली येतो, म्हणजे त्यातला बराचसा तिथंच मरतो. शिवाय एलएनबीला वीज पोचवणारं तोंड एकच. त्या घरातल्यांनी बॉक्सचं बटण बंद केलं की सगळ्या बिल्डिंगचा टीव्ही बंद!

सॅटेलाइटचा स्प्लिटर लावूनही भागत नाही. उपग्रहाचे चॅनेल व्हर्टिकल (उभ्या) आणि हॉरिझॉन्टल (आडव्या) अशा दोन प्रकारच्या लहरींवर येतात. बॉक्सनं १३ व्होल्ट दिले की एलएनबी व्हर्टिकल देतो, १८ दिले की हॉरिझॉन्टल. एकाच वायरीवर दोघांनी वेगळं मागितलं की १८ वाला जिंकतो, दुसऱ्याचे चॅनेल जातात. म्हणून क्वाट्रो एलएनबी (सिग्नलचे चार भाग चार वेगळ्या वायरींवर देणारा) आणि आठ आउटपुटचा मल्टिस्विच (प्रत्येक घराला हवा तो भाग जोडून देणारा) घेतला, प्रत्येक घराला स्वतंत्र आरजी-६ केबल ओढली. दुकानदार क्वाड एलएनबी पुढं करतो, तो घेऊ नका. तो चार बॉक्स थेट जोडायला असतो. क्वाट्रोच्या चार वायरी मल्टिस्विचवर ज्याच्या त्याच्या खुणेलाच लावायच्या.

खरी हयगय कनेक्टरमध्ये असते. पिळून बसवलेले सगळे कापून कॉम्प्रेशनचे (हत्यारानं दाबून बसवायचे) बसवले. मधली तार तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर, पांढरं इन्सुलेशन आतल्या कडेशी सपाट. केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागला की शॉर्ट. गच्चीवरच्या टोकांत हिरवी पूड होती, म्हणजे पाणी शिरलेलं. जाळी स्वच्छ दिसेपर्यंत केबल मागं कापली, एलएनबीखाली पाणी गळायला केबलचा लोंबता वळसा सोडला, जोडावर काळ्या टेपऐवजी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी) टेप गुंडाळली. काळी टेप इथल्या एका पावसाळ्यातच सुटते.

वरच्या फ्रिक्वेन्सीला आरजी-६ मध्ये १०० मीटरला साधारण ३० डेसिबल सिग्नल वाया जातो. त्यामुळं शेवटची तपासणी सगळ्यात लांबच्या घरात, आणि स्ट्रेंग्थ (सिग्नलचा नुसता जोर) नाही, क्वालिटी बघायची. वळवाच्या विजांआधी खांबाला अर्थिंगही करून घेतलं. जुन्या कामात ते नव्हतंच.