तीन भाज्या मागवल्या, चव एकच

गल्लीतल्या हॉटेलात पनीर बटर मसाला, काजू करी आणि मेथी मटर मलाई एकत्र मागवली की टेबलावर गोडसर चवीच्या तीन वाट्या येतात. कारण सोपं आहे. दुपारीच दोन-तीन मूळ ग्रेव्ह्या शिजवून ठेवलेल्या असतात: टोमॅटोची लाल, काजू, मगज (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) आणि उकडलेल्या कांद्याची पांढरी आणि परतलेल्या कांदा-टोमॅटोची तपकिरी. ऑर्डर आली की त्यात भाजी पडते, वरून क्रीम किंवा तिखट. म्हणून चौघांसाठी एक लाल किंवा पांढरी, एक सुकी (भेंडी, जिरा आलू) आणि एक डाळ तडका पुरे. सुकी भाजी ऑर्डरनंतर परतली जाते, तिथेच स्वयंपाक्याचा हात कळतो.

रोट्या एकदम आठ मागवू नका. तंदुरी रोटी पाच-सात मिनिटांत चामट होते, मैदा असेल तर लवकरच. माणशी एक, ती संपत आली की पुढची.

बिलाकडेही बघा. साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, आणि बिलावर तसं छापावं लागतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही. काढायला सांगा. वेटरला टीप मात्र हातात द्या.