ओठ एक, आवाज दुसराच

इटालियन सिनेमा नव्याने बघायला लागलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मग तो रिमोटवर ‘ऑडिओ डिले’ शोधतो, केबल काढून परत खोचतो आणि फाइल देणाऱ्या मित्राला दोन शब्द सुनावतो. मित्र आणि फाइल दोघंही बहुतेक वेळा निर्दोष असतात.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. ओठ सोडा, दार बघा. दार आपटल्याचा किंवा कप बशीत ठेवल्याचा आवाजही मागून येत असेल, तर दोष आपल्या यंत्राचा. दार वेळेवर वाजतंय आणि फक्त माणसंच ओठांशी फटकून बोलताहेत, तर सिनेमाच तसा आहे. निमूट बघा.

कारण तिकडे कित्येक दशकं चित्रीकरण आधी आणि आवाज नंतर, अशीच रीत होती. दुसरं महायुद्ध संपता संपता दिग्दर्शक रोसेलिनीने ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) केला, तेव्हा फिल्मची आणि पैशाची अशी ओढाताण होती की चित्रीकरण मूकच झालं, संवाद मागाहून भरले. गरजेपोटी धरलेली वाट पुढे सवयीची झाली. दिग्दर्शक फेलिनीला तर ती फारच मानवली. कॅमेरा चालू असताना तो नटांना मोठ्याने सूचना देत राही, आणि संवाद अजून लिहिलेला नसेल तर नुसते आकडे म्हणायला लावी. पडद्यावरचा माणूस प्रेमाची कबुली देत असताना त्याचे ओठ ‘सत्तावीस, अठ्ठावीस’ म्हणत असण्याची शक्यता असते, हे एकदा कळलं की न जुळणाऱ्या ओठांचा राग येत नाही, उलट गंमत वाटायला लागते.

परदेशी नट असले की आणखी मजा. ‘ला स्त्रादा’मधला (१९५४) अँथनी क्विन अमेरिकेहून आलेला. व्हिस्कोंतीच्या ‘द लेपर्ड’मध्ये (१९६३) सिसिलीचा सरदार झालेला बर्ट लँकेस्टरही अमेरिकन, त्याचा भाचा झालेला अलाँ दलाँ फ्रेंच, आणि दोघांचं इटालियन उसनं. त्याच सिनेमातली क्लाउदिया कार्दिनाले उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसमध्ये फ्रेंच बोलत वाढलेली. ‘द लेपर्ड’मध्ये तिला दुसरीचा आवाज आहे, त्याच वर्षीच्या फेलिनीच्या ‘८½’मध्ये मात्र तिचा स्वतःचा, किंचित घोगरा. हे दोन सिनेमे लागोपाठच्या दोन रात्री बघावेत. चेहरा तोच, बाई वेगळी.

मग कोणत्या भाषेचा ट्रॅक लावायचा? ‘द लेपर्ड’ला इटालियनच. इंग्रजी आवृत्तीत लँकेस्टरचा खरा आवाज मिळतो, पण ती कापून आखूड केलेली आहे. सर्जो लिओनेचे क्लिंट ईस्टवुडवाले वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, इंग्रजीत बघितले तरी पाप नाही, कारण ईस्टवुड सेटवर इंग्रजीच बोलत होता. समोरचा इटालियन किंवा स्पॅनिश बोलत असे, त्यामुळे ‘मूळ भाषा’ म्हणायची तरी कशाला! जुन्या युरोपियन डीव्हीडीबद्दल एक सूचना: त्यांत सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा बहुधा २५च्या वेगाने पळतो. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत आटोपतो आणि सगळ्यांचे आवाज जरा चिरके होतात.

आपण या बाबतीत नाक मुरडावं असंही काही नाही. पडद्यावरच्या नायिका पिढ्यान्‌पिढ्या बदलल्या आणि गळा लताबाईंचाच राहिला, तेव्हा थिएटरातून कोण उठून गेलं? हिंदीत तर संवादही स्टुडिओतच परत बोलले जात. सेटवरचाच आवाज ठेवणारा ‘लगान’ २००१ साली आला, तेव्हा त्याची बातमी झाली.

मात्र नंतर भरलेल्या आवाजात एक गोष्ट हरवते, ती म्हणजे अंतर. माणूस चौकाच्या पलीकडे उभा असला तरी आवाज कानाशी येतो आणि त्याने तोंड उघडलं की रहदारी आज्ञाधारकपणे गप्प होते. दुसरी हरवते ती बोली. तिची भरपाई अलीकडच्या सिनेमांनी भरपूर केली आहे. मात्तेओ गार्रोनेचा ‘गोमोर्रा’ (२००८) इतक्या ठसठशीत नापोलीच्या (नेपल्सच्या) बोलीत आहे की इटलीतल्याच थिएटरांत त्याला इटालियन सबटायटल लावावी लागली. प्रमाण इटालियन शब्द बहुतेक स्वरावर संपतो. नापोलीचा माणूस तो शेवटचा स्वर गिळतो. शब्दांच्या शेपट्या तुटल्यासारख्या वाटल्या की समजावं, आपण दक्षिणेला उतरलो. ‘इल’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) याच्या जागी ‘एर’ ऐकू आलं तर मुक्काम रोम. पाओला कोर्तेल्लेसीच्या ‘देअर इज स्टिल टुमॉरो’मध्ये (२०२३) १९४६ सालच्या रोममधली माणसं अशी बोलतात. सिनेमा कृष्णधवल आहे म्हणून जुना समजून टीव्हीचे रंग तपासत बसू नये. शेवट काय, तेही कुणाला विचारू नये.

सबटायटलमध्ये यातलं काहीच उतरत नाही. तिथे मालक आणि हमाल एकाच शुद्ध भाषेत भांडतात. म्हणून आवडलेल्या सिनेमातली दहा मिनिटं सबटायटल बंद करून पुन्हा लावावीत, शक्यतो जेवणाच्या टेबलावरचा एखादा प्रसंग. काय बोलले ते नाही कळणार. कोण कुठला आणि कोणाचा आवाज उसना, ते कळायला लागेल.