कोंबडं झाकलं तरी आरवतंच, ते का?

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. परसात कोंबडा पाळणाऱ्याला तिची दुसरी बाजूही कळते: झाकलं तरी कोंबडं आरवायचंही राहत नाही. घड्याळ त्याच्या अंगातच असतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. बाहेर दिवस की रात्र हे कळायला मार्ग नव्हता, तरी ते रोज साधारण ठरल्या वेळीच आरवत राहिले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. एरवीही पहिली बांग उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधी पडते, म्हणून ‘तीनलाच ओरडतो’ ही तक्रार खोटी नसते.

पुढे त्याच गटाला दिसलं, की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत आधी आरवतो तो सगळ्यांत वरचढ. बाकीचे मानाप्रमाणे मागून. वरचढ काढला, की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. त्यामुळे ‘ओरडणारा’ विकून शांतता मिळत नाही. आठ-दहा माद्यांमागे एकच नर ठेवा. अंडी फक्त खाण्यासाठी हवी असतील तर तोही नको, कोंबडी नराशिवाय अंडी देतेच.

दिवसभराच्या बांगा हद्द सांगण्यासाठी असतात. शेजारचा कोंबडा, कुत्रं, गाडीचा दिवा, काहीही निमित्त पुरतं. किती वेळा, याचा ठरलेला आकडा नाही.

रात्रीचा आवाज कमी करायचा तर खुराड्यावर पडणारा रस्त्याचा किंवा अंगणातला दिवा आधी अडवा. मग नराला अंधार पडल्यावर वेगळ्या पेटीत ठेवा. पूर्ण बांग द्यायला त्याला मान वर ताणावी लागते. म्हणून छत एवढंच उंच ठेवा, की तो आरामात बसेल, वळेल, पण मान ताठ करू शकणार नाही. आत भुसा अंथरा, खाली आणि वर दोन्हीकडे झरोके ठेवा, झरोक्यांपुढे फळी आडवी लावा, म्हणजे हवा येते, उजेड येत नाही. बांग बंद होत नाही, दबते. सकाळी वेळेवर सोडा. दिवसा पेटी वापरायचीच नाही.

चूक होते ती झरोक्यांत. कोंबड्याला घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात बंद पेटीत तो रात्रीतून मरू शकतो. त्या दिवसांत पेटी नकोच.

गळ्याला बांधायचा पट्टा मिळतो, पण तो मी सुचवणार नाही. वाढत्या कोंबड्याला तो आवळत जातो, खाल्लेला दाणा अडतो. तुरा निळसर-काळपट दिसला, तर पट्टा तिथल्या तिथे काढा.

सगळ्यांत सोपं म्हणजे नर लवकर ओळखणं. दोन महिन्यांच्या आसपास तुरा लाल, मोठा होऊ लागतो. तिसऱ्या महिन्यात पाठीवर, शेपटीजवळ लांब टोकदार पिसं येतात. त्याच सुमारास पहिली चिरकी, अर्धवट बांग ऐकू येते. जास्तीचे नर कुणाला द्यायचे, हे तेव्हाच ठरवून टाका.