खाली दोन रेघा

मंगळवार, रात्र

पीएचडीचं विचारायला आलेल्या ज्युनिअरच्या वहीत माझं वाक्य होतं. ‘चिकाटी ठेवावी लागते.’ खाली दोन रेघा मारलेल्या. कॅन्टीनमध्ये चहा आणायला ती उठली, वही उघडी राहिली, माझी नजर गेली. झालं एवढंच. पण संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही.

मुळात वाक्य माझं नाहीच. पहिल्या वर्षी प्रोजेक्टचे पैसे तीन महिने अडकले होते, तेव्हा सरांनी मला ऐकवलं होतं. त्या रात्री मी काय काय बोलले ते आईला विचारावं. आणि आज तेच, त्याच सुरात, वर थोडं हसूनसुद्धा.

तिने साधं विचारलं होतं, “ताई, पीएचडी डिमेन्शियातच करू का?” म्हणजे स्मृतिभ्रंशावर. मी लगेच लासी-डॅडचा, त्या आजाराच्या देशभरातल्या पाहणीचा, आकडा काढला. साठीपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे देशात 88 लाख, या क्षेत्रात माणसं लागणारच. आकडा बरोबर आहे. पण पेशंट वाढले म्हणून पोस्ट निघत असत्या तर मी अजून 11 महिन्यांच्या कंत्राटावर असते का? आजार वर्षानुवर्षं चालतो. दीड वर्षाने त्याच घरी परत जायचं, काय उतरलंय ते मोजायचं, यावर अख्खा अभ्यास उभा. तोवर मोजणारी बदललेली असते. पेशंटची लेक दारातच म्हणते, “मागच्या वेळी दुसऱ्या ताई होत्या.”

हे तिला का नाही सांगितलं? घाबरेल म्हणून? की सांगताना मलाच ऐकू आलं असतं म्हणून?

सकाळी कोथरूडला एका आजींकडे स्मरणशक्तीची चाचणी घ्यायला गेले होते. सफरचंद, टेबल, पैसा. हे तीन शब्द सांगायचे, मध्ये शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे, मग तेच शब्द परत विचारायचे. आजी त्र्याण्णववर अडल्या. “चौथीत शाळा सुटली गं माझी.” (हरियाणातल्या बल्लभगडच्या डिमेन्शियाच्या अभ्यासात न शिकलेल्यांसाठी ही चाचणी हिंदीत मुद्दाम बदलून घेतली होती, ती उगाच नाही.) मग शब्द विचारले. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, “पैसा तेवढा आठवतोय. बाकीचं तू सांग.”

तीनातला एक. चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं, तसाच लिहिला. जिन्यात मात्र हसू फुटलं. आजी, मलाही तेवढाच आठवतो हो. जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपचे 37,000, 2023 पासून, महिन्याच्या महिन्याला आले तर.

त्यांची लेक खालपर्यंत सोडायला आली होती. “याचा आईला काय उपयोग?” म्हणाली. ते राहू दे आज.

आत्ता साडेदहाला त्या वहीवालीला मेसेज केला. पेपरवर कुणाचं नाव कितवं, ते डेटा गोळा करायच्या आधी मेलवर लिहून घे. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत महिने जातात, ते पीएचडीच्या हिशेबात धर. आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकून घे, स्टॅटिस्टिशियनच्या दारात ताटकळायला नको. गाइडची आधीची मुलं आज कुठे आहेत ते शोध, त्यांना फोन कर. आणि ते चिकाटीचं खोडून टाक.

उत्तर आलं, “पेनने लिहिलंय ताई.”

मग वरून अजून एक रेघ मार, म्हटलं. निळी टिक काही आली नाही अजून.