तुम्ही विचारलंत म्हणून: यात जिंकतं कोण?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन मिळून गोष्ट पुढे न्यायचा खेळ, खेळते म्हटलं की हा प्रश्न येतोच. आधी बोर्ड कुठाय, सोंगट्या कुठायत हे विचारून होतं आणि मग, "बरं, पण यात जिंकतं कोण?"

कुणीच नाही. एवढंच उत्तर आहे. पण ते ऐकून समोरच्याचा चेहरा जसा होतो, तो मला चांगला ओळखीचा आहे, कारण भाच्याने पहिल्यांदा खेळायला बसवलं तेव्हा माझाही तसाच झाला होता. पत्त्यांत हरले तर दुसरा डाव मांडल्याशिवाय मी जागची उठत नाही. जिंकायचंच नसेल तर चार तास बसायचं कशाला, असं मी त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तू बस तर."

तो डंजन मास्टर होता. जगाचं वर्णन तोच करणार, राक्षसांच्या वतीने तोच बोलणार आणि नियमांचा निवाडाही त्याचाच. ज्याला मी बाराखडी शिकवली त्याच्या हातात इतकी सत्ता बघून जरा अवघडल्यासारखं झालं. बरोबर त्याचे दोन दोस्त होते. एक योद्धा आणि एक रोग, इंग्रजीतला 'rogue', म्हणजे भामटा. हा दुसरा शब्द देवनागरीत लिहिला की त्या मुलीला काय झालंय अशी शंका येते, म्हणून आम्ही तिला सरळ चोर म्हणतो.

मला तयार जादूगार मिळाली. एक कागद, त्यावर सहा गुण: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा. १० किंवा ११ म्हणजे साधारण माणूस. तिथून दर दोन अंकांना एक अधिक, खाली गेलात तर उणे. माझी बुद्धी १६, म्हणजे अधिक ३. करिश्मा ८, म्हणजे उणे १. त्या उणे एकाला मी हसले होते. हिट पॉइंट फक्त ७. ते संपले की माणूस कोसळतो, म्हणून तो आकडा पेन्सिलीनेच लिहायचा असतो.

भाच्याने सांगितलं, समोर बंद दार आहे, आतून पुटपुटल्यासारखा आवाज येतोय. "मावशी, तू काय करतेस?"

"काय काय करता येतं?"

"काहीही."

या 'काहीही'ने माझी पंचाईत केली. आयुष्यभर खेळले त्या प्रत्येक खेळात चाली ठरलेल्या होत्या. मी कागद उलटासुलटा करून त्यात 'दार' शोधत बसले. तेवढ्यात चोर म्हणाली, "मी जमिनीवर आडवी होते आणि फटीतून पाय किती दिसतात ते मोजते." हे कुठल्याही कागदावर नव्हतं. भाच्याने तिला वीस बाजूंचा फासा टाकायला लावला, आलेल्या आकड्यात तिच्या गुणाचं अधिक-उणे मिळवलं आणि म्हणाला, "सहा पाय." म्हणजे तिघं.

नियमांचा गाभा एवढाच. सांगायचं, फासा टाकायचा, गुणाचं अधिक-उणे मिळवायचं आणि डंजन मास्टरने मनात धरलेला आकडा गाठायचा. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, कठीण कामाला २०. लहानपणी चोर-पोलीस खेळताना "ठो! मेलास!" आणि "नाहीच लागली!" यावरून जी भांडणं व्हायची, त्यांचा निकाल लावायला कुणी नव्हतं. इथे फासा आहे. नुसत्या लुटुपुटीच्या खेळात आणि यात फरक आहे तो हाच: इथे तुम्हाला नाही म्हणणारं कुणीतरी आहे, आणि त्याला गयावया करून उपयोग नसतो.

जिंकणं नेमकं कुठे गळून पडलं, ते मी नंतर वाचलं. खेळाचं मूळ युद्धाच्या खेळांत आहे, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडून लढायचं. तिथे हारजीत होतीच. डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने अशा एका खेळात काही जणांना पलटणीऐवजी गावातला एकेक माणूस दिला. झालं, लढाई राहिली बाजूला आणि मंडळी आपापल्या भानगडींत रमली. वेस्लीला वाटलं, सगळा विचका झाला. खेळणाऱ्यांना मात्र पुन्हा तेच हवं होतं. त्यांच्यातल्या डेव्ह अर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. तीन पुस्तिकांची पेटी, पहिल्या खेपेला १००० प्रती. तुमचा माणूस एका बैठकीतून पुढच्या बैठकीत जातो, जखमा आणि पैसे घेऊन. मग डाव संपलाच नाही, तर जिंकणार कधी?

हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी जिंकायलाच बसले होते.

दार उघडलं, आत तीन गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. चोर पहिल्याच संधीला शेजारच्या खोलीत सटकली, कारण तिथे तिला कुलूप लावलेली एवढीशी पेटी दिसली होती. योद्धा एकटा लढता लढता १२ हिट पॉइंटवरून ४ वर आला. माझ्याकडे 'स्लीप' नावाचा मंत्र होता. २० फुटांच्या त्रिज्येत जे कुणी असतील त्यांना झोप. मी ऐटीत म्हटलं, "मी सगळ्यांना झोपवते."

भाच्याने मान वर केली. "नक्की?"

डंजन मास्टरने 'नक्की?' विचारलं की थांबायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळत होतो. त्यात या मंत्राला आठ बाजूंचे पाच फासे टाकतात. जी बेरीज येईल तेवढे हिट पॉइंट झोपतात आणि सुरुवात सगळ्यात अशक्त माणसापासून होते, मग तो कुणाच्याही बाजूचा असो. माझी बेरीज १९. सगळ्यात अशक्त कोण? आमचा योद्धा. ४ गेले, राहिले १५. पहिला गॉब्लिन ७, दुसरा ७. उरला १. तिसरा गॉब्लिन टक्क जागा.

"मावशी," योद्धा म्हणाला, "मी झोपलो?"

पुढच्या प्रत्येक फेरीत आपली पाळी आली की तो पोरगा "मी घोरतो" एवढंच म्हणायचा.

मग मी बोलायचं ठरवलं. गॉब्लिनला म्हटलं, तुझे दोघे पडलेत, तू एकटा आहेस, निघून जा, आम्ही पाठलाग करणार नाही. चांगलं दोन मिनिटं बोलले, हातवारे करून. भाच्याने ऐकून घेतलं, एका चिठ्ठीवर आकडा लिहून ती पालथी घातली आणि म्हणाला, "मस्त. आता टाक." फाशावर १५ आले. मी टाळी द्यायला हात पुढे केला. त्याने माझ्या कागदावरच्या करिश्म्यावर बोट ठेवलं. पंधरातून एक गेला, चौदा. चिठ्ठी उलटली. १५.

"एकाने काय होतंय?"

"मावशी, एकानेच तर होतं."

गॉब्लिनचा वार लागला. सहा बाजूंच्या फाशावर ६, अधिक २. आठ. माझ्याकडे सात. मी खोडरबर घेतलं, ७ पुसले आणि शून्य लिहिलं. गंमत म्हणजे हात थोडा थरथरत होता.

शून्यावर माणूस लगेच मरत नाही. दर फेरीला एक फासा टाकायचा. १० किंवा वर आले तर तरण्याची एक खूण, खाली आले तर मरणाची. कुठलीही तीन आधी झाली की निकाल. बुद्धी, चपळाई काही मिळवायचं नाही, नुसता फासा आणि तुम्ही. पहिल्यांदा १२. गॉब्लिनने तेवढ्यात एका झोपलेल्याला गदागदा हलवून उठवलं. चोराचं कुलूप नुकतंच उघडलं होतं. तिने पेटी जमिनीवर ठेवली, दारातून बाण सोडला आणि मला मारणारा गॉब्लिन पडला. दुसऱ्यांदा ४. तिसऱ्यांदा ९. मरणाच्या दोन खुणा. खेळातला एवढा वेळ म्हणजे १८ सेकंद, एक फेरी ६ सेकंदांची. टेबलाभोवती अर्धा तास गेला असेल आणि कुणी खुर्चीला पाठ टेकली नव्हती.

चोर म्हणाली, "मी मावशींकडे धावते, रक्त थांबवायला."

भाचा म्हणाला, "पेटी तिथेच राहील. आणि तो उठलेला गॉब्लिन पेटीकडे बघतोय."

"राहू दे."

तिला १० हवे होते, १३ आले. मी वाचले. पेटी गेली, गॉब्लिनसकट.

योद्ध्याला मग हलवून जागं केलं. एक गॉब्लिन अजून झोपलेलाच होता, त्याचे हातपाय बांधले. पेटीत काय होतं आणि ती कुठे नेली, हे पुढच्या बैठकीत त्याच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. बोलायचं काम चोर करणार. माझ्या जादूगारणीने त्या वेळी तोंड उघडायचं नाही, हेही तिघांनी मिळून ठरवलं.