हँडलचं मशीन आणि जाळीदार डाय

शुभेच्छा कार्डं आणि स्क्रॅपबुकसाठी कागदाचे आकार कापणारं डाय कटिंग मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा आधी निवड करायची होती ती हाताचं की कॉम्प्युटरला जोडायचं याची. कॉम्प्युटरला जोडायच्या क्रिकट किंवा सिल्हूएट कॅमिओसारख्या मशीनमध्ये एक छोटं पातं असतं. चिकट मॅटवर लावलेला कागद ते स्क्रीनवरच्या आकृतीप्रमाणे कापतं, हव्या त्या आकारात, हव्या त्या मापात. मी तरीही हाताचंच घेतलं. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर छंदासाठी पुन्हा माउस धरायचा मला कंटाळा. हाताच्या मशीनमध्ये कागद कापतो तो डायने, म्हणजे धारदार कडांच्या धातूच्या साच्याने. जेवढ्या डाय तेवढेच आकार, हे त्यात आलंच.

हे मशीन म्हणजे दोन रोलर, त्यांच्यामधली ठरावीक फट आणि बाजूला हँडल. फट बदलत नाही, त्यामुळे दाब कमीजास्त करायचा तो थरांच्या जाडीने. खाली आधाराची पाटी, तिच्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, मग कागद, त्यावर धार खाली करून डाय आणि वर दुसरी कटिंग प्लेट. हा गठ्ठा एका बाजूने सरकवायचा आणि हँडल फिरवत दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. प्लेट दबताना कडकड वाजतात, नवख्या माणसाला काहीतरी मोडलं असंच वाटतं. तो आवाज नेहमीचाच. हँडलला अंगाचा जोर लावावा लागला तर मात्र थांबायचं, एखादा थर जास्त झालेला असतो. पातळ धातूच्या डाय, जाड स्टील रूल डाय (फोममध्ये बसवलेल्या स्टीलच्या पात्याच्या) आणि एम्बॉसिंग फोल्डर (कागदावर उठावाची नक्षी उमटवणारे साचे) यांच्या थरांचा क्रम वेगवेगळा असतो. तो तक्ता मी मशीनच्या अंगावरच चिकटवून टाकला.

पानं, वर्तुळं, लेबलं लगेच जमली. छळलं ते जाळीदार नक्षीने. बारीक नक्षीत धारेची एकूण लांबी खूप असते, दाब तेवढाच आणि तो सगळीकडे वाटला जातो, म्हणून मधले कोपरे अर्धवट राहतात. अशा वेळी गठ्ठ्यात साध्या कागदाचा एखादा थर वाढवायचा, त्याला शिम म्हणतात. चौकटीच्या डायसाठी आणखी एक गोष्ट उपयोगी पडली: डाय जरा तिरकी ठेवायची, म्हणजे लांब सरळ धार एकदम रोलरखाली येत नाही. दुसरी फेरी फिरवायची तर डाय मास्किंग टेपने कागदाला धरलेली हवी. टेप आधी हातावर चिकटवून काढायची, चिकटपणा उतरतो आणि कागदाचा पापुद्रा निघत नाही. डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा घातला की नक्षी अलगद सुटते, टोचणीने एकेक भोक कोरत बसायला नको. प्लेटवर चरे पडणारच, त्याचं दुःख करू नये. त्या वाकू नयेत म्हणून दर वेळी उलटवायच्या, एवढं पुरतं.

कागदात मात्र काटकसर करू नये असं माझं मत. कार्डाच्या मुख्य घडीला २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) आसपासचा कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घेते, वरच्या नक्षीला त्याहून पातळ. आरपार रंगीत असलेला कागदच घ्यावा. आतून पांढरा असला की कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. ए४ अर्धा कापून दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घातली तर कड फुटत नाही.

बारीक अक्षरांना डिंक लावणं हा या छंदातला सगळ्यात वैतागवाणा भाग. त्यावरचा तोडगा मला सगळ्यात आवडला: कापण्याआधीच कागदाच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट लावायची. डायमधून थेट स्टिकरच बाहेर पडतात.

स्क्रॅपबुकचं, म्हणजे सजवलेल्या फोटो अल्बमचं, पान १२ × १२ इंचांचं, तिथे हिशेब वेगळा. कार्ड चार दिवस मिरवतं, पान वर्षानुवर्षं फोटोला चिकटून राहणार. म्हणून कागद आणि डिंक दोन्ही अ‍ॅसिड-फ्री, कागद लिग्निन नसलेला (लाकडातला घटक, वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्याच्यामुळेच), आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हर पीव्हीसीचं नको, पॉलिप्रॉपिलीनचं हवं. जुना मूळ फोटो मी डायखाली घालतच नाही, त्याची प्रत छापून घेते. एकात एक बसणाऱ्या आयतांच्या डायमधली लहान फोटोला आणि तिच्याहून मोठी मागच्या रंगीत कागदाला वापरली की चारी बाजूंनी सारखी किनार मिळते. माझ्याकडच्या सगळ्या डायमध्ये सर्वाधिक राबते ती हीच साधी आयतं. हौसेने घेतलेल्या मोठ्या फुलांच्या डाय बहुतेक वेळ डब्यातच असतात.

फोम टेपने (दोन्ही बाजूंनी चिकट, जाड स्पंजी टेप) एकेक थर उचलला की कार्ड सुरेख दिसतं, पण पाकिटात फुगतं आणि टपालात चेपतं. त्यामुळे पोस्टाने जाणाऱ्या कार्डांवर मी एम्बॉसिंग आणि सपाट नक्षीच ठेवते, फोम टेप फक्त हातोहात द्यायच्या कार्डांना.